नवा कोन्युअर हात दिसला की चावतो. हातावर कसा आणायचा?

वारज्याची_खिडकी

नमस्कार. ग्रीन चीक कोन्युअर (छोट्या जातीचा पोपट) आहे, वय साधारण ५ महिने, घरी येऊन ११ दिवस झाले. देणाऱ्याने ‘हँड-टेम आहे, लगेच खांद्यावर बसेल’ असं सांगून दिला. प्रत्यक्षात पाण्याची वाटी बदलायला हात आत गेला की एक तर मागच्या जाळीला चिकटतो, नाहीतर धावून येऊन चावतो. परवा बोटातून रक्त काढलं. पिंजरा १८ × १८ × २४ इंच, हॉलमध्ये टीव्हीशेजारी, टीपॉयवर ठेवलाय. सूर्यफुलाच्या बिया सोडून वाटीतलं बाकी सगळं खाली उडवतो.

सल्ले भरपूर मिळालेत. बहीण म्हणते पंख कापून घे. दुकानदार म्हणतो दोन दिवस उपाशी ठेव, मुकाट्याने हातावर येईल. आई म्हणते पोपटाला मिरची लागते, ती देत नाहीस म्हणून रागावलाय. यातलं खरं काय? रोज नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने? आणि बोलायला कधी लागेल?

पेरूची_फांदी

आईंचं अर्धं खरं आहे, बाकी दोघांचं अजिबात नाही. मिरचीवर खाली कोणीतरी लिहीलच, मी हाताबद्दल लिहितो.

‘हँड-टेम’ म्हणजे हाताला सरावलेला, पण विकणारे म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्याला पिल्लू असताना सिरिंजने किंवा चमच्याने भरवलंय, एवढंच. भरवणारा हात वेगळा, घर वेगळं. तुमचा हात सध्या त्याच्या दृष्टीने पिंजऱ्यात घुसणारी एक मोठी वस्तू आहे, आणि ती नेहमी तो कोपऱ्यात असतानाच येते.

आधी पिंजरा हलवा. टीपॉयवर तो तुमच्या गुडघ्याच्या उंचीला आहे. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी पक्ष्यासारखी वाटते. वरची दांडी तुमच्या छातीच्या आसपास येईल इतकं उंच करा, दोन बाजू भिंतीला लागतील असा कोपरा बघा, टीव्ही आणि दरवाजाची ये-जा टाळा. स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी अजिबात नको, त्यावर पुढे कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन. पिंजऱ्याबरोबर आलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, १२ ते २० मिलिमीटर जाडीच्या, वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर उत्तम. फवारणी न झालेल्या झाडाच्या घ्या, घासून धुवा, कडक उन्हात वाळवा. कण्हेर आणि चाफा नको, चीक विषारी असतो.

आता क्रम. वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया आजपासून वेचून बाजूला काढा. त्या यापुढे फक्त तुमच्याकडून मिळतील. बाकीचं खाणं नेहमीसारखं पुरेसं राहू द्या.

पहिले तीन-चार दिवस हात आत घालायचा तो फक्त पाणी, खाणं आणि कागद बदलण्यापुरता. बाहेरून भरता येणाऱ्या वाट्या मिळाल्या तर तेवढंही लागत नाही. दिवसातून दोनदा पिंजऱ्यापासून ५-६ फुटांवर, अंग थोडं तिरकं करून, १५-२० मिनिटं काहीतरी वाचत बसा. समोर बसून दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे टक लावू नका. नेमकं किती अंतर ठेवायचं ते तोच सांगेल: तुम्ही बसलेले असताना तो खातोय, पिसं साफ करतोय, तर अंतर ठीक. खाणं थांबवून मान लांब केली, पिसं अंगाशी घट्ट आवळली, तर एक फूट मागे सरका. येता-जाता एखादी बी बाहेरच्या वाटीत टाका आणि थांबू नका, पुढे जा. त्याला बी आणि तुमचं निघून जाणं, दोन्हीही आवडतं.

तुम्ही वाटीजवळ येताच तो स्वतःहून वाटीकडे चालत यायला लागला की जाळीतून बी द्यायला सुरुवात. बी दोन बोटांच्या टोकात धरा, जाळीला टेकवा आणि हलवू नका. चालत त्याने यायचं, तुमचा हात त्याच्याकडे जायचा नाही. पुढची वाटचाल यावर ठरवा:

बी घेऊन टाकून देतो म्हणजे भीती जास्त आहे, मागच्या पायरीवर या. बी घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन खातो म्हणजे बरोबर चाललंय. तिथेच उभा राहून, तुमच्या बोटासमोर सोलून खातो म्हणजे पुढे जा.

मग काडी. लाकडी चॉपस्टिक किंवा टोक कापून घासलेली कबाबची काडी चालते. ‘बरोबर केलंस’ हे सांगणाऱ्या आवाजासाठी क्लिकर (दाबल्यावर टिक वाजणारी डबी) विकत घ्यायची गरज नाही, खटका असलेलं बॉलपेन पुरतं. आधी १०-१५ वेळा नुसतं ‘टिक’ आणि लगेच बी. मग काडीचं टोक जाळीतून त्याच्यापासून दोन इंचांवर धरा. कुतूहलाने चोच लावली की त्याच क्षणी टिक, मग बी. काडी चघळू द्यायची नाही, स्पर्श झाला की बाजूला. एक वेळचा सराव ३ ते ५ मिनिटं, ८-१० वेळा स्पर्श, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. तो कंटाळायच्या आधी थांबा. बी अख्खी नको. सोललेल्या बीचा पाव तुकडा द्या, नाहीतर प्रत्येक वेळी तो अर्धा मिनिट सोलत बसतो आणि पाचव्या बीला पोट भरतं.

काडीमागे तो दांडीवर डावी-उजवीकडे चालायला लागला की दार उघडून तेच. मग दारातल्या दांडीवर, मग बाहेरच्या स्टँडवर. आणि मग तुमचा हात मध्ये येतो, पण तोही दांडीसारखा: हात दांडीला टेकवून स्थिर ठेवा, काडी हाताच्या पलीकडे धरा. एक पाय बोटावर पडला तरी टिक. दोन्ही पाय पडले की तुकडा थोडा मोठा. तीन-चार दिवस हात उचलायचा नाही.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा. बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाजवळ, पायांच्या जरा वर धरल्यावर तो आधी चोच पुढे करतो. हा चावा नाही. पोपटाला चोच म्हणजे तिसरा पाय. पाऊल टाकण्याआधी आधार पक्का आहे का ते तो चोचीने चाचपून बघतो. त्या क्षणी तुम्ही दचकून बोट मागे घेतलंत तर तो दोन गोष्टी शिकतो: हा आधार भरवशाचा नाही, आणि चोच लावली की हात पळतो. दुसरी शिकवण तो पुढे पाणी बदलताना वापरतो. तुमच्याकडे आत्ता बहुतेक तेच होतंय.

दिवसांचा हिशोबही सांगून ठेवतो, ५ महिन्यांच्या पक्ष्याला दोन ते सहा आठवडे धरा. एखादा दहा दिवसांत येतो.

चुटकीसरशी

एवढा घोळ कशाला? टॉवेलात गुंडाळायचा, मांडीवर घेऊन अर्धा तास बसायचं. आधी ओरडतो, मग गप्प होतो. तीन दिवस केलं की चावणं बंद. उपाशी ठेवलं की अजून लवकर. सगळे असेच माणसाळवतात.

हिरवाकंच

@चुटकीसरशी, गप्प होतो हे खरं, पण शांत झाल्यामुळे नाही. सुटका नाही हे कळलं की शिकार झालेला प्राणी निपचित पडतो, तसा. टॉवेल सैल झाला की तो पुन्हा पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो, आणि आता टॉवेललाही घाबरतो. उद्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा तोच टॉवेल लागणार.

दुसरं म्हणजे पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छातीभोवती मूठ आवळली किंवा टॉवेल घट्ट गुंडाळला की श्वास बंद. अर्धा तास म्हणजे जिवाशी खेळ.

उपाशी ठेवण्याबद्दल. ग्रीन चीकचं वजन साधारण ६० ते ८० ग्रॅम. एवढ्याशा जिवाकडे साठा नसतो, दोन दिवस म्हणजे थेट आजारपण. भुकेचा उपयोग करायचाच तर सकाळचा सराव वाटी भरण्याआधी करा. रात्रभर न खाल्ल्याने जेवढी भूक असते तेवढी पुरेशी असते.

@वारज्याची_खिडकी, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. रोज सकाळी, पहिली मोठी शी झाल्यावर आणि खाण्याआधी वजन घ्या, वहीत लिहा. अजून बाहेर येत नसेल तर काट्यावर दांडी बसवून काडीने त्यावर बोलवायचं, हाही सरावच. नेहमीच्या वजनाच्या १० टक्के घट झाली तर सराव बंद करून त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, आधी फोनवर विचारून ठेवा. पोपट आजार लपवतो. पिसं फुगवून दिवसा झोपणं, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, यातलं काही दिसेपर्यंत आधीच उशीर झालेला असतो. वजन त्याच्या आधी बोलतं.

पंख कापण्याबद्दल: घाबरलेल्या पक्ष्याकडे दोन उपाय असतात, उडून जाणं आणि चावणं. पहिला तुम्ही काढून घेतलात तर उरतो दुसरा. शिवाय कापलेला पक्षी दगडासारखा खाली येतो, छातीच्या हाडावर आपटतो. पंख पुन्हा यायला पिसं गळेपर्यंत, म्हणजे काही महिने वाट बघावी लागते. उडता येण्याचा धोका खरा आहे, पण तो घर आवरून सोडवायचा. पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद. ‘हळू लावलाय’ हेही नको; कितीतरी पोपट असेच जातात. खिडक्यांना जाळी, आरशावर आणि मोठ्या काचेवर पहिले काही दिवस पडदा, संडास-बाथरूमची दारं बंद, बादलीवर झाकण.

वारज्याची_खिडकी

सगळ्यांचे आभार. पिंजरा हलवला, फांद्या लावल्या. ६ दिवस झाले. जाळीतून बी घेतो आणि दोनदा तिथेच खाल्ली! पण सूर्यफूल काढल्यापासून वाटीत चोचही घालत नाही. वजन पहिल्या दिवशी ६४ होतं, आज ६२. घाबरायचं का? आणि चावला तर त्या क्षणी काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

मोड_आलेले_मूग

६४ वरून ६२ म्हणजे ३ टक्के, ठीक आहे. ५८ ही तुमची लाल रेघ समजा. पण एका दिवसात पूर्ण सूर्यफूल काढायला नको होतं. पेरूची_फांदी यांनी लिहिलं ते बाकी वाटीतलं खाणाऱ्या पक्ष्यासाठी बरोबर. तुमचा दुसरं काही ओळखतच नाही. अनोळखी वस्तू त्याला अन्न वाटत नाही, म्हणून तो उपाशी बसतो. हट्ट म्हणू नका त्याला.

वाटीत मिश्रण करा: राळे ४ भाग, बाजरी २, करडई १, सूर्यफूल १. दर चार-पाच दिवसांनी सूर्यफूल निम्मं करत जा. वजन टिकत असेल तरच पुढची कपात. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर ते लटकवा, दाणे उपटण्यात वेळ जातो आणि चोचीला काम मिळतं.

सकाळी, भूक असताना, वेगळ्या पसरट ताटलीत भाजी: किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा, शेवग्याची पानं, कोथिंबीर, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची बियांसकट. सगळं मुगाएवढं बारीक चिरायचं आणि वरून चिमूटभर राळे भुरभुरायचे. राळे शोधताना गाजर चोचीला लागतं, ओलं लागतं, आठव्या-दहाव्या दिवशी चावून बघतो. तुम्ही समोर बसून त्याच ताटलीतलं गाजर खाल्लंत तर आणखी लवकर. पोपट थव्यात खाणारा पक्षी आहे. मोड आलेले मूग आणि मटकी फार चांगली, पण पुण्याच्या पावसाळी हवेत ती दोन तासांत उचलायची, वास येईपर्यंत थांबायचं नाही. कच्चा राजमा नको. शेंगदाणे द्यायचे तर माणसांच्या खाण्यातले, भाजलेले, मोजके. जुनाट दाण्याला बुरशी धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. दुकानातलं सुटं बियाणंही पावसाळ्यात किलोभर भरून ठेवू नका.

पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या) चालू करायच्या असतील तर त्यांची पूड या ओल्या भाजीवर. तीन ते सहा आठवड्यांत बदल होतो.

मिरची: मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे आपल्या जिभेला झोंबतो, ते पक्ष्यांना झोंबत नाही. तेव्हा आईंना सांगा, हिरवी मिरची बिनधास्त द्या, नीट धुऊन. राग मात्र मिरचीने जाणार नाही.

कधीच नाही: अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारवलेलं काहीही, सफरचंदाच्या बिया. चहात बुडवलेलं बिस्किट लाडाने देणारे पाहुणे येतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

पेरूची_फांदी

बरोबर, सूर्यफुलाचं मी घाईत लिहिलं. मिश्रणातला सूर्यफुलाचा भाग शक्य तितका हातून द्या, बाकी वाटीत.

चावला तर: हात झटकू नका, ओरडू नका, फुंकर मारू नका, ‘नो’ म्हणून चोचीवर टिचकी तर मुळीच नको. आरडाओरडा काही पक्ष्यांना मजेशीर वाटतो. हात शांतपणे जवळच्या दांडीपाशी न्या, त्याला उतरू द्या, दहा सेकंद दुसरीकडे बघा. मग एक सोपा काडीचा स्पर्श करून सराव संपवा. लगेच पिंजऱ्यात कोंडलंत तर ‘नको असलं की चावायचं, घरी सोडतात’ हे पक्कं होतं. जखम साबणाने धुवा.

महत्त्वाचं त्याच्या आधीचं आहे. चावण्यापूर्वी तो तीन-चारदा सांगून झालेला असतो. डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होते, शेपटी पंख्यासारखी पसरते, मानेवरची पिसं उभी राहतात: हा चिडलेला किंवा फार उत्तेजित. पिसं घट्ट, अंग मागे झुकलेलं, एक पाय उचललेला, चोच अर्धवट उघडी: हा घाबरलेला. दोन्ही वेळी हात आहे तिथे थांबवा, मग हळू मागे. हात थांबतो हे कळलं की त्याला चावायची गरजच उरत नाही. उलट एका पायावर उभा, चोच किरकिर घासतोय, अंग झटकून पिसं मोकळी करतोय, तर आत्ता विचारायला हरकत नाही.

जाड हातमोजे घालू नका. मोज्यातल्या हाताला तो शिकेल, उघड्या हाताला नाही.

टेकडीवरचा

दोन गोष्टी राहिल्या.

कागद. आपला कंठवाला हिरवा पोपट, मोठा पहाडी, टोई, हे सगळे भारतीय पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. सोसायटीच्या झाडाखाली पिल्लू सापडलं तरी पाळायचं नाही, वनविभागाला १९२६वर कळवायचं. ग्रीन चीक दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे पाळता येतो, पण तो साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२३) अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते, २०२४च्या नियमांनुसार ती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. देणाऱ्याकडून लेखी पावती आणि त्याच्याकडच्या नोंदीची प्रत मागून घ्या. बजरिगर, कॉकटील आणि पीच-फेस लव्हबर्ड त्या करारात येत नाहीत.

धूर. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्षी काही मिनिटांत मरतो. डोशासाठी तवा तापवून कोणी फोनवर गेलं, एवढं पुरतं. लहान फ्लॅटमध्ये दार लावून भागत नाही. बिडाचा किंवा लोखंडी तवा आणा. एअर फ्रायर आणि इस्त्रीचा तळही बघा. अगरबत्ती, धूप, कापूर, मच्छरची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे, सगळं त्याच्या खोलीबाहेर.

गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर ढोल सुरू व्हायच्या आधीच पिंजरा आतल्या खोलीत हलवा, तीन बाजू झाका, बारीक दिवा राहू द्या. पूर्ण अंधारात दचकलेला पक्षी जाळीवर आपटतो. दिवाळीतही तेच. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, बाल्कनी तेव्हा बंद. एरवीही बाल्कनीत एकटा ठेवू नका, शिक्रा आणि मांजर दोघांनाही पिंजरा म्हणजे ताट वाढल्यासारखं. झोप १० ते १२ तास. रात्री ११पर्यंत टीव्ही आणि सकाळी ६ला कुकरची शिट्टी, असा पक्षी दिवसभर चिडकाच असतो.

हिरवाकंच

बोलण्याचं राहिलं. ग्रीन चीक फारसा बोलत नाही. काही जण दोन-चार शब्द घोगऱ्या आवाजात काढतात, बरेच जण काहीच नाही. त्यासाठी घेतला असेल तर अपेक्षा आत्ताच कमी करा. शिट्टी मात्र शिकवण्यासारखी आहे: तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की तो हाक मारतो, ‘कुठे आहात’ एवढंच विचारत असतो. एक ठरावीक दोन सुरांची शिट्टी लगेच परत द्या. किंचाळल्यावर धावत गेलात तर किंचाळणं शिकेल. हळू आवाजावर उत्तर मिळालं तर तोच आवाज ठेवील. आधी किंचाळायची सवय लागली असेल आणि तुम्ही उत्तर बंद केलंत तर पहिले काही दिवस ती वाढते. तिथे ढिले पडलात तर आणखी मोठ्याने ओरडायचं, हे शिकवून मोकळे होता.

आणि पुढे हाताळायला लागलात की फक्त डोकं आणि गाल खाजवा. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवायचा नाही, मऊ कापडी झोपडी टांगायची नाही. वर्षभराचा झाला की त्यावरून तो जोडीदार आणि घरटं समजतो, आणि घरातल्या बाकीच्यांना चावायला सुरुवात.

वारज्याची_खिडकी

समजलं. तवा आजच बदलतो. शेवटचं: आईच्या हातून बी घेत नाही, माझ्याच हातून घेतो. तिने आत्ताच सुरू करावं का मी पक्का झाल्यावर?

पेरूची_फांदी

आत्ताच. पण पहिल्या पायरीपासून: ५-६ फुटांवर बसणं, मग बाहेरच्या वाटीत बी, मग जाळी. तुमची प्रगती त्यांच्या खात्यात जमा होत नाही. दिवसातला एक सराव त्यांचा, शक्यतो सकाळचा, कारण भूक तेव्हा जास्त असते. आणि त्या वेळी तुम्ही खोलीत नको, तो तुमच्याकडेच बघत बसेल. बांगड्या काढून ठेवायला सांगा. हाताबरोबर किणकिणणारी वस्तू त्याला पहिले काही दिवस वेगळाच प्राणी वाटते. जाळीतून निवांत घ्यायला लागला की एकेक करून परत घाला.